हॅरल्ड लॉइडचा उजवा हात

मूकपटांतला विनोदी नट हॅरल्ड लॉइड याच्यावरचा लेख आवडला, पण 'सेफ्टी लास्ट' (१९२३) या चित्रपटात नायक उंच इमारत चढतो ती सगळी चढाई लॉइडने एकट्याने केली, हे लेखातलं विधान बरोबर नाही. लांबून घेतलेल्या दृश्यांत इमारत चढणारा माणूस बिल स्ट्रदर. त्याचा पेशाच तो, आणि नायकाच्या मित्राची भूमिकाही त्याचीच. जवळच्या दृश्यांसाठी लॉस एंजेलिसमधल्या इमारतींच्या गच्चीवर भिंतीचा खोटा दर्शनी भाग उभारला होता. कॅमेरा अशा कोनात, की गच्ची दिसू नये आणि खालचा खराखुरा रस्ता दिसावा. नायक जसा वर जातो, तसा सेट आणखी उंच इमारतीवर हलवला जायचा. खाली गाद्या घातलेला मचाण असायचा, पण गादीवरून उसळलं की पुढे रस्ताच. त्यामुळे 'सगळी कॅमेऱ्याची करामत' म्हणणंही अन्यायाचंच.

लेखात न आलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ऑगस्ट १९१९ मध्ये प्रसिद्धीच्या फोटोसाठी हातात धरलेला 'नकली' बॉम्ब खरा निघाला. लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, काही काळ दिसेनासंही झालं. पुढे पडद्यावर तो कातडीच्या रंगाचा हातमोजा घालायचा, आत खोटा अंगठा आणि खोटं बोट. इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला तो लोंबकळतो, ते दृश्य पुन्हा लावा आणि फक्त उजव्या हाताकडे बघा. खोट्या बोटांवर भार टाकता येत नाही. त्या हाताची सगळी पकड उरलेल्या तीन बोटांची आहे, आणि चेहऱ्यावर त्याचा मागमूसही नाही!