नात्याचा रकाना

आज आमच्या कार्यालयात ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या एकरकमी पैशांच्या, नामनिर्देशनाचे फॉर्म नव्याने भरून घेतले. 'कर्मचाऱ्याशी नाते' या रकान्यापाशी माझे पेन अडलेले पाहून एचआरमधील मुलगी सौजन्याने म्हणाली, "सर, आईचंच नाव घाला, म्हणजे पुढे कटकट नाही." तिचा दोष नाही. आई माझ्यावर अवलंबून आहे, म्हणून कायद्याच्या दृष्टीने मला 'कुटुंब' आहे, आणि कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीच्या नावे केलेले नामनिर्देशन रद्दबातल ठरते. अकरा वर्षे ज्याच्याबरोबर मी घराचे हप्ते अर्धे अर्धे भरतो आहे, तो बाहेरचा.

दिवसभर मला काका आठवत राहिले. लालबागच्या एका गिरणीत कापड विणण्याचे साचे चालवणारे माझे हे अविवाहित चुलते वीस वर्षे एकाच खोलीत राहिले, ते मस्जिद बंदरला पोती उचलणाऱ्या आप्पांबरोबर. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर काकांचाही पगार थांबला, तेव्हा दोघांची खानावळ आप्पांच्या हमालीवर चालली. हमालांसाठीच्या १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे टोळीवाल्यांची मजुरी मंडळामार्फत हातात पडत होती. एका लढ्यातून मिळालेल्या हक्काने दुसऱ्या लढ्यातल्या माणसाला जेवू घातले, असे मला नेहमी वाटते.

काका १९९१ मध्ये नोकरीत असतानाच गेले. फॉर्मवर त्यांनी माझ्या वडिलांचे नाव लिहिले होते, नाते 'भाऊ'. त्या पैशांतून आमच्या गावच्या घरावर मंगलोरी कौले चढली. तेराव्याला आप्पा काकांची ट्रंक घेऊन आले. आत घडी घातलेले सदरे होते आणि त्यांवर खानावळीची वही, शेवटच्या दोन महिन्यांचा हिशेब चुकता केलेली. आप्पा शेवटच्या पंगतीला जेवले आणि रात्रीच्या एसटीने परत गेले. ते काकांचे कोण, हे आमच्या घरात कोणी विचारले नाही. मला मात्र पुढे विचारावेही लागले नाही.

आज मला सर्वाधिक राग याचा येतो की, आजी-आजोबा तोवर गेले होते आणि भाऊ कायद्याच्या 'कुटुंबा'त बसत नाही, त्यामुळे काकांना आप्पांचे नाव खुशाल लिहिता आले असते. पण तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ जिवंत होते आणि खिडकीवरचा कारकून नाते मोठ्याने विचारत असे. काकांना मुभा होती, धीर नव्हता. हा गुन्हा नाही, असे सांगणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने मला धीर दिला, आणि मुभा नाही!

युनियनमधले माझे मित्र म्हणतात, आधी भाकरीचे बघू, तुमचे नंतर. अरे, वारसाला मिळणारी ग्रॅच्युइटी ही भाकरी नाही तर काय आहे? गेल्या नोव्हेंबरात चार श्रमसंहिता लागू झाल्या, कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून पुढे लावली गेली, आणि त्याविरुद्धच्या मोर्चात मीही तुमच्याबरोबर घोषणा देत होतो. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळणार, ही त्यातली चांगली गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण ती ग्रॅच्युइटी कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न तुम्ही मागण्यांच्या पत्रकात कधी घालणार? जूनच्या प्राइड महिन्यात बोधचिन्ह सप्तरंगी करणाऱ्या आणि कंत्राटी सफाई कामगाराला पगारपत्रकही न देणाऱ्या कंपन्यांकडून मी काही अपेक्षाच ठेवत नाही. तुमच्याकडून ठेवतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला. तो अधिकार संसदेचा आहे, हेही मान्य. पुढच्या वर्षी जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि त्याला नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे सरकारने स्पष्ट केले. मग बँकेत जो माझा माणूस ठरू शकतो, तो माझ्या तीस वर्षांच्या श्रमाच्या पैशांपुरताच परका कसा? मला लग्नाची वरात नको आहे. कुटुंबाच्या व्याख्येत एक ओळ वाढावी आणि नात्यावरून किंवा लैंगिकतेवरून खासगी नोकरीतून कोणाला काढता येणार नाही असा स्पष्ट कायदा व्हावा, एवढेच मी निवृत्त होण्यापूर्वी पाहू इच्छितो.

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. घरी आल्यावर आईला सांगितले, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग त्याचंच नाव लिही की. मला या वयात कशाला हवेत पैसे?" ती असताना तसे लिहून चालत नाही, हे तिला समजावण्यातच संध्याकाळ गेली.