फॉइल पोळ्यांसाठीच राहू द्या

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या, घरच्यांच्या आणि ट्रेकवाल्यांच्या. (ट्रेकच्या ग्रुपावर वायफायचं काय काम, ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक.) मथळा असा: 'घरातला वायफाय दुप्पट करा, सात सोपे उपाय, केबलवाला हे कधीच सांगणार नाही'. उपाय थोडक्यात हे. राउटरमागे ॲल्युमिनियमची फॉइल लावा. जास्त अँटेनांचा राउटर घ्या. प्लॅन वाढवा. जिथे रेंज नाही त्या खोलीत प्लगमधला बूस्टर लावा. फोन कायम '५जी' नावाच्या वायफायलाच जोडा. सिग्नल वाढवणारं ॲप टाका. राउटर दर रात्री बंद ठेवा.

मी नेहमीसारखा पुढे सरकणार होतो. पण रत्नागिरीजवळ राहणाऱ्या आत्याचा फोन आला. "मेल्या, फॉइल लावली तरी मागच्या खोलीत काही लागत नाही. उलट पडवीतल्या टीव्हीचंही गेलं." अख्खा रोल संपवला होता तिने. म्हणून हे लिहायला बसलो.

फॉइलचा उपाय या सातांतला सगळ्यात लोकप्रिय, आणि गंमत म्हणजे सगळ्यात कमी खोटा. रेडिओलहरी धातूवर आपटून परत फिरतात, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ साली यावर रीतसर काम केलं. खोल्यांचा नकाशा संगणकाला दिला, सिग्नल कुठे हवा नि कुठे नको ते सांगितलं, त्यावरून निघालेला वळणावळणाचा पडदा थ्रीडी प्रिंटरवर काढला आणि त्यावर धातूचा पातळ थर चढवला. जमलं त्यांना. पण जमलं म्हणजे काय, तर एका बाजूचा सिग्नल वाढला आणि दुसऱ्या बाजूचा घटला. राउटर जेवढी शक्ती बाहेर टाकतो तेवढीच टाकतो, फॉइल पदरचं काही घालत नाही. कंदिलामागे ताट धरलं की समोर उजेड वाढतो, मागे अंधार होतो आणि रॉकेल तेवढंच जळतं.

आत्याच्या पडवीत नेमकं हेच झालं. तिने राउटरला तीन बाजूंनी फॉइल लावून तोंड फक्त माजघराकडे उघडं ठेवलं. टीव्ही फॉइलच्या आड गेला. आणि माजघराकडची भिंत चिऱ्याची, हातभर जाड. तीही एकच नाही: माजघर ओलांडून मागच्या खोलीत जायचं तर अशीच दुसरी.

आता त्या 'दुप्पट' शब्दाकडे बघू. फोनमध्ये सिग्नल मोजणारं एखादं फुकट ॲप टाकलंत तर आकडा उण्यात दिसेल, डीबीएम या सिग्नलच्या मापात; उण्याचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला. राउटरशेजारी तो उणे ३०-४० असतो. साधारण उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० ला एखादी काडी दिसते, काम मात्र होत नाही. या मापात ३ चा फरक म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी. म्हणजे मेसेजमधलं 'दुप्पट' अक्षरशः खरं झालं, तरी उणे ८० चं उणे ७७ होणार, आणि तुमचा कॉल होता तिथेच गोल गोल फिरत राहणार. सळ्या घातलेली काँक्रीटची एक भिंत सहज दहा-पंधरा खाऊन टाकते. फॉइलने तिच्याशी भांडायचं कसं?

राउटर घराच्या अगदी कडेच्या भिंतीला असेल आणि पलीकडे नुसता रस्ता असेल, तर मागे एखादा सपाट पत्रा उभा करायला माझी हरकत नाही. रस्त्याला वायफाय देऊन काय करायचंय! डबा गुंडाळू मात्र नका, तो आधीच तापलेला असतो.

दुसरा मुद्दा अँटेनांचा. दुकानात आठ अँटेनांचा राउटर उलट्या कोळ्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आता रेंज खालच्या पार्किंगपर्यंत. किती जोरात प्रक्षेपण करायचं याला सरकारी मर्यादा आहे, अँटेना वाढल्या म्हणून ती वाढत नाही. जास्त अँटेनांचा उपयोग एकाच वेळी अनेक प्रवाहांत बोलण्यासाठी होतो, शिवाय काही राउटर त्यांच्या मदतीने लहरींचा रोख थोडाफार एका दिशेला वळवतात. पण बहुतेक फोनांत वायफायच्या फार तर दोनच अँटेना असतात. शिवाय हे दोघांचं संभाषण आहे, हे मेसेज लिहिणारा विसरला. राउटर कितीही ओरडला, तरी फोनला त्याच अंतरावरून उत्तर द्यायचं असतं, आणि फोनचा आवाज बॅटरी वाचवण्यापायी मुळातच बारीक. काड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्याचं हे एक कारण.

उभ्या अँटेनेचा सिग्नल मेदूवड्याच्या आकारात आडवा पसरतो, भोकातून अँटेना गेली आहे असं समजा. त्यामुळे एका मजल्याच्या घरात अँटेना उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एखादी आडवी करून बघावी. एवढं मेसेजमध्ये असतं तरी चाललं असतं. ते नाही.

प्लॅन वाढवा, हा तिसरा उपाय केबलवालाच आनंदाने सांगेल, त्यामुळे मथळ्यातलं 'कधीच सांगणार नाही' इथे तरी खोटं. टाकी मोठी केली म्हणून बुजलेल्या पाइपातून जास्त पाणी येत नाही. आधी राउटरच्या पुढ्यात उभं राहून वेग मोजा, मग बेडरूममध्ये. पुढ्यात ९५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, नेटच्या वेगाचं माप) आणि बेडरूममध्ये ६ येत असेल, तर १०० चा प्लॅन ३०० करून बेडरूममध्ये ६ चे फार तर ६च राहणार. राउटरशेजारीही कमी येत असेल, तरच केबलवाल्याला फोन करा. नेटफ्लिक्स स्वतः ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. घरात चार माणसं असली तरी बहुतेकांचा तुटवडा प्लॅनचा नसतो, भिंतींचा असतो.

हे मी ठाण्यात स्वतःच्या घरी शिकलो. आमची बिल्डिंग मिव्हान शटरिंगची, म्हणजे विटा नाहीतच, आतल्या भिंतीसुद्धा सळ्या टाकून ओतलेल्या काँक्रीटच्या. खिळा ठोकायला गेलं की ड्रिलचं पातं रडतं. फायबर दाराशी आत येतं, म्हणून केबलवाल्याने डबा दाराशीच, चपलांच्या कपाटावर ठेवला. त्याचं काम दहा मिनिटांत झालं, आम्ही दोन वर्षं बाल्कनीच्या दारात उभं राहून फोन केले. मधल्या काळात एकदा प्लॅनही वाढवला. मीच.

चौथा मुद्दा बूस्टरचा, आणि लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच जातात. हा बूस्टर म्हणजे रिपीटर, मधल्या निरोप्यासारखा असतो: राउटरकडून ऐकायचं, मग तेच फोनला सांगायचं. स्वस्तातला रिपीटर ऐकणं आणि सांगणं एकाच चॅनलवर करतो, त्यामुळे एक करताना दुसरं थांबतं आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. ते एकवेळ चालवून घेता येईल. पण मेसेज सांगतो, तो रेंज नसलेल्या खोलीत लावा. अहो, ज्या खोलीत फोनला ऐकू येत नाही तिथे निरोप्याला तरी काय ऐकू येणार? काड्या भरलेल्या दिसतील, कारण त्या रिपीटरपासून फोनपर्यंतच्या असतात, आणि नेट तसंच मेलेलं. लावायचाच तर वाटेत लावा, जिथे मूळ राउटरचा सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे. बऱ्याच रिपीटरांना खाली वायरीचं एक भोक असतं. त्यात राउटरकडून आलेली वायर खोचून तो ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून नेट घेऊन वायफाय देणारा डबा म्हणून चालवला, तर निम्म्याची रड संपते. हे त्या भोकाविषयी खोक्यावर कुठे ठळक लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

जाता जाता: वायफायचा रिपीटर बेधडक लावा, तो ज्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांत चालतो ते परवानामुक्त आहेत. मोबाइलच्या रेंजसाठी विकला जातो तो बूस्टर वेगळा, तो परवानगीशिवाय बसवणं बेकायदा आहे. बाजारात दोन्ही एकाच नावाने हाक मारून विकतात.

पाचवा मुद्दा '५जी'. राउटरच्या नावापुढचं ते ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या फाइव्हजीशी त्याचं काही नातं नाही. '५' मोठा म्हणून कायम तोच, असंही नाही. राउटरचा दुसरा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. सोसायटीत शेजारपाजारचे वीस राउटर, ब्लूटूथ आणि वर त्याच पट्ट्यात गुरगुरणारा मायक्रोवेव्ह, असे सगळे त्या तिघांत दाटीवाटीने बसतात. ५ च्या पट्ट्यात जागा ऐसपैस, आणि २०१८ साली सरकारने परवानामुक्त भाग वाढवून ती आणखी मोकळी केली. पण याच लहरी भिंतीत लवकर दमतात. तेव्हा राउटरच्या खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे ५, त्याहून लांब २.४. आत्याच्या चिऱ्यांपुढे तर ५ चा टिकावच लागला नाही. मागच्या खोलीत ते नाव यादीतही येत नव्हतं, आणि ती मेसेजवर विश्वास ठेवून पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसली होती.

ॲपचं काय सांगायचं! फोनमधलं ॲप राउटरची शक्ती वाढवू शकत नाही, फोनचीही नाही. जाहिराती दाखवू शकतं, तेवढं मन लावून करतं. राउटर रात्री बंद ठेवल्याने विजेची थोडी बचत होते, रेंज वाढत नाही. अडकलेला राउटर एकदा बंद-चालू केल्याने मार्गी लागतो, तो अनुभव ताणून कुणीतरी हा सातवा उपाय केला असावा.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट एकच, आणि ती फार कंटाळवाणी आहे: डबा हलवा, नाहीतर वायर ओढा. आधी हलवून बघायला खर्च नाही. टीव्हीच्या मागून, आरशाच्या कपाटाशेजारून, माळ्यावरच्या स्टीलच्या पातेल्यांतून त्याला बाहेर काढा आणि घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर ठेवा. फायबर हलवायचं असेल तर केबलवाल्याकडूनच करून घ्या. ती काचेची तार आहे, कोपऱ्यात वायरीसारखी काटकोनात दुमडली की सिग्नल गळतो.

आत्याकडे डबा हलवून भागणार नव्हतं. मग गणपतीला गेलो तेव्हा कॅट-सिक्स, म्हणजे नेटची वायर घेऊन गेलो. घेताना तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर दुकानदार आधी पुढे करतो. घराबाहेरून नेणं सोपं होतं, पण कोकणातल्या विजा बघता तांब्याची तार उघड्यावर नको. आतून, तुळईच्या कडेकडेने नेली. चिरा मऊ, भोक पाडायला मिव्हानच्या मानाने काहीच वेळ लागला नाही. माझा एक जुना राउटर माळ्यावर पडून होता. त्याचा पत्ता बदलला, डीएचसीपी (फोन-टीव्हींना नेटवर्कवरचे पत्ते वाटण्याचं काम) बंद केलं, वायर वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नव्हे, लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) भोकात घातली, नाव आणि पासवर्ड पडवीतल्या राउटरचेच दिले. पडवीत चॅनल १, मागे ११.

अठरा मीटर वायर, दोन जॅक, अर्धा दिवस. मागच्या खोलीतला आकडा उणे ८३ वरून उणे ४६ वर आला. मग पडवीतल्या राउटरवरची फॉइल सोलायला घेतली आणि चुरगळून टाकणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "टाकू नको रे, पुसून घेते. पोळ्यांना होईल."