जुन्या बोर्डावर नवं ग्राफिक कार्ड चढवण्याची शास्त्रोक्त पद्धत

पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक कार्ड घ्यायचं ठरलंय ना? मग आपला मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, कोणता आहे, हे चुकूनसुद्धा बघू नका. नाव बोर्डावरच छापलेलं असतं. झाकण उघडायचा कंटाळा असेल तर विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बोर्डाचं नाव, बायोसची (म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) तारीख आणि बायोस जुन्या 'लेगसी' मोडमध्ये चालतंय की नव्या 'यूईएफआय' मध्ये, हे सगळं एकाच पानावर दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणूनच टाळायचं. इतक्या स्वस्तात उत्तर मिळालं तर पुढची मजा काय राहिली?

खिशात पैसे घाला आणि थेट दुकान गाठा. सांगलीत नाही पटलं तर मिरज आहेच. दुकानदार दोनच प्रश्न विचारेल: "गेमला पायजे का मिक्सिंगला?" (मिक्सिंग म्हणजे माझा धंदा, लग्नाच्या शूटिंगची जुळवणी) आणि "बिल पायजे का?" बोर्ड कोणता, हे तो विचारणार नाही. घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं निघालास' विचारू नये म्हणतात, तसाच हाही अपशकुन असावा. तुम्हीच आगाऊपणा करून "बोर्ड जुना आहे हो, एच 61 आहे, चालेल ना?" असं विचारलंत, तर तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणेल, "बसतंय की! न बसायला काय झालं?"

बसतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कार्ड बसवायचा पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट 2011 च्या बोर्डावर जसा होता तसाच आजही आहे. कार्ड खटकन बसतं, स्क्रू लागतो, पंखे गरागरा फिरतात. फक्त डिस्प्ले येत नाही.

बिल मागू नका. जीएसटीचे 18 टक्के वाचतात, आणि पुढं भांडायला कागदच नसल्यामुळे वेळही वाचतो.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बदलायचा विचार मनात आणू नका. कॅबिनेटबरोबर आलेला, अंगावर मोठ्या अक्षरात 450 लिहिलेला, तोच ठेवा. त्याच्या स्टिकरवर 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचायचं नाही. तिथं 16 असतील तर बारा सोळे 192. म्हणजे त्या 450 मधले 192 वॉटच काय ते कार्ड आणि प्रोसेसर या दोघांच्या वाट्याला. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, बाकीचे 8 पिनच्या वायरीतून यायचे, आणि ती वायर तुमच्या एसएमपीएसला नसते. काळजी नको. दुकानदार हार्डडिस्कच्या दोन पिना एकत्र करून बनवलेला कन्व्हर्टर देतो. वायर तापली तर थंडीचे दिवस आहेत, बरंच आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. एसएमपीएसवरचा आकडा मात्र इंजिनिअर झालेलाही वाचत नाही.

मॉनिटर निळ्या व्हीजीए वायरीचाच राहू द्या. नव्या कार्डाला ते तोंडच नसतं, हे रात्री अकराला कळण्यात वेगळी गंमत आहे.

आता डिस्प्ले येत नाही म्हटल्यावर सल्ले घ्या. जितके मिळतील तितके घ्या. पहिला सल्ला ठरलेला: रॅम काढून खोडरबरनं घासा. दुखणं कुठलंही असो, घासायची रॅमच. दुसरा: बोर्डावरचा सेल काढून पाच मिनिटं ठेवा. हा निदान निरुपद्रवी आहे. तिसरा शेजारच्या घरातून येतो, तिथला मुलगा पुण्याला आयटीत आहे: "काका, एकदा फॉरमॅट मारून बघा." अरे बाबा, पडदा काळा आहे! फॉरमॅट कुठं बघून मारू? चौथा म्हणतो ड्रायव्हर टाका. तो तरी कुठं बघून टाकू? तेवढ्यात नवरीकडच्यांचा फोन येतो, "शूटिंगचं कधी देताय?" तुळशीचं लग्न होऊन लोकांच्या लग्नांचे वाढदिवस यायची वेळ झाली आणि मी आपला रॅम घासतोय.

बायोसच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. का, ते सांगतो. खरं दुखणं तिथंच असतं, आणि ते सापडलं तर नवा माल खपणार कसा? कॉम्प्युटर चालू झाला की विंडोज यायच्या आधी पडद्यावर पहिली अक्षरं उमटवायचं काम बोर्ड आणि कार्ड मिळून करतात. जुने बोर्ड ते लेगसी पद्धतीनं करतात, नवी कार्डं यूईएफआय पद्धतीनं. काही नव्या कार्डांच्या फर्मवेअरमध्ये (कार्डातच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये) जुनी पद्धत उरलेलीच नाही. मग बोर्ड एका भाषेत विचारतो, कार्ड दुसऱ्या भाषेत तयार बसलेलं असतं, आणि तुम्ही काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत बसता. यात कार्ड खराब नसतं, बोर्डही खराब नसतो. कार्ड काढायचं, मॉनिटर बोर्डाच्याच तोंडाला लावायचा, बोर्ड कंपनीच्या साइटवरून शेवटचं बायोस पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि यूपीएस असेल तरच अपडेट करायचं, कारण मध्येच लाईट गेली तर बोर्ड खरोखरच जातो. मग बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुनी लेगसी पद्धत चालू ठेवणारी सोय, बंद करायची. पण थांबा, विंडोज एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर तेच सुरू होत नाही. त्याआधी डेटा बाजूला काढून एमबीआर2जीपीटी नावाच्या आज्ञेनं डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घ्यायची. ही आज्ञा विंडोजच्या आतच असते, विंडोज 10 मध्ये 2017 पासून आहे, फुकट आहे. हे सगळं झाल्यावर कार्ड बसवायचं. प्रत्येक जुन्या बोर्डाला हा उपाय लागू पडत नाही, यूईएफआय नसलेल्या बोर्डाला तर नाहीच. पण बघायला काय जातं? हे मला कोणी सांगितलं? कोणी नाही! खोक्यावर काय लिहिलं होतं? 'पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असलेला मदरबोर्ड'. झालं! एवढं मोठं खोकं, त्यावर तलवार घेतलेला राक्षस छापायला जागा आहे, आणि 'यूईएफआय लागेल' एवढं लिहायला नाही!

कंपन्यांचं तर बघायलाच नको. 2025 मध्ये एनव्हीडियानं आपल्या आरटीएक्स 5060 आणि 5060 टीआय या कार्डांसाठी एक फर्मवेअर अपडेट काढलं, कारण काही बोर्डांवर रीस्टार्ट केल्यावर पडदा काळाच राहत होता. माझं कार्ड त्यातलं नव्हे, पण ते अपडेट चालवायचं कुठं, तर विंडोजमध्ये. पडदा काळा असेल तर? आधी बोर्डाच्या स्वतःच्या ग्राफिक्सवर किंवा दुसऱ्या कार्डावर सुरू करा म्हणे. घ्या!

आणि सगळं जुळलं तरी कार्डाला किती लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, आहेत ते विचारू नका. 2022 चं आरएक्स 6500 एक्सटी लांब स्लॉटमध्ये बसतं, पण वापरतं फक्त चार लेन. ते पीसीआय एक्सप्रेस 4.0 साठी केलेलं, आधीच्या पिढीच्या 3.0 च्या बोर्डावर वाट निम्मी होते.

शेवटी कार्ड घेऊन परत दुकानात जा. तिथं ते दुकानातल्या नव्या मशीनला लावतील, डिस्प्ले दाखवतील आणि म्हणतील, "हे बघा, कार्ड ओके आहे. तुमचा बोर्ड गेलाय." मग कॅल्क्युलेटर निघतो. नवा बोर्ड म्हणजे नवा प्रोसेसर. जुनी डीडीआर3 रॅम नव्या बोर्डावर चालत नाही, म्हणजे रॅमही नवी. कार्डापेक्षा मोठा आकडा. कार्ड परत घ्या म्हटलं तर, बिल घेतलेलं असलं तरी, बोट बिलाच्या खालच्या ओळीवर: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खराब माल परत न घेणं ही अनुचित प्रथा धरली आहे, पण माल खराब नाहीच ना! ते लगेच चालवून दाखवतात की.

आता सरळच बोलतो. माझा बोर्ड गेलेला नव्हता. वर बायोसचं लिहिलेलं सगळं मी घरी बसून केलं आणि त्याच बोर्डावर, त्याच कार्डावर आज मिक्सिंग चालू आहे. गेलेला बोर्ड चालतोय कसा, दुकानदारसाहेब, सांगा की! तुम्हाला बायोस माहीत नव्हतं की माहीत असून बोर्ड खपवायचा होता? माहीत नसेल तर 'कॉम्प्युटर स्पेशालिस्ट' ची पाटी काढा. माहीत असेल तर लाज बाळगा. वीस-पंचवीस हजार ही तुमच्या गल्ल्यात किरकोळ रक्कम असेल, माझी लग्नाच्या दोन ऑर्डरींची कमाई आहे. उद्या एखादं पोरगं बापाकडून पैसे मागून तुमच्या दारात येईल. त्याला आधी बोर्ड विचारा, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो मागा, मग खोकं काढा. आणि माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. त्यावर काही 18 टक्के जीएसटी लागत नाही.