वजन वाढलं म्हणून गोळ्या बंद?

सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटतं तो मानसिक आजार. त्याच्या औषधांबद्दल सध्या एक संदेश फिरतोय: ‘सायकोसिसच्या गोळ्यांनी वजन वाढतं हा निव्वळ बहाणा. माणूस आळशी होतो, खात सुटतो. तोंडावर ताबा ठेवा, रोज चाला. तरीही फरक पडला नाही तर गोळ्या बंद करा.’

आधी आळसाबद्दल. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही यातलीच दोन औषधं. मेंदूत हिस्टामिन व सेरोटोनिन या रसायनांचे संदेश टिपणाऱ्या काही रिसेप्टरना ती अडवतात. भूक खवळते, खाऊनही समाधान होत नाही आणि पहिल्या काही आठवड्यांतच वजन चढायला लागतं. अरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधावर ते सहसा इतकं चढत नाही. आळस काय गोळीगणिक बदलतो?

‘चाला, झालं’ हे तर नुसत्या उपदेशाचं दुसरं नाव. ब्रिटनमधल्या ‘स्टेपवाइज’ चाचणीत 414 जण होते. निम्म्यांना आहार-व्यायामाचे गटवर्ग आणि नंतर अधूनमधून पाठपुरावा मिळाला. वर्षभराने, वर्ग न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या वजनात फरक नव्हता (निकाल 2018 चे). अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ चाचणीत मात्र रुग्ण आधीपासून जिथे येत होते त्या पुनर्वसन केंद्रांतच व्यायाम सोबतीने करून घेतला, गटात आणि एकेकाशी बोलणं चालू ठेवलं, तेही 18 महिने. शेवटी या गटाचं वजन, हा कार्यक्रम न मिळालेल्या गटापेक्षा सरासरी 3.2 किलोने जास्त उतरलं. आकडा छोटा वाटेल; पण ज्या आजारात हृदयविकाराने लोक लवकर जातात, तिथे मला तो छोटा वाटत नाही.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला सगळ्यात घातक. अचानक थांबवल्या तर आजार उलटण्याचा धोका मोठा. आणि फिनलंडच्या 2009 च्या मोठ्या अभ्यासात सगळ्यात कमी मृत्युदर आढळला तो क्लोझापिन घेणाऱ्यांत, म्हणजे वजन वाढवण्यात अग्रेसर असलेल्या औषधावर! (त्यामागे नियमित तपासण्यांचाही हात असू शकतो.) डॉक्टरांना विचारायचं ते वेगळंच: औषध बदलता येईल का, मेटफॉर्मिन (मधुमेहावरचं औषध) जोडता येईल का, वजन, कंबरेचा घेर आणि साखर पहिल्या दिवसापासून कोण नोंदवणार?

संदेशात सिगारेटचा उल्लेखही नाही. ती सोडायलाच हवी, पण क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. तंबाखूच्या धुरामुळे ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. धूर थांबला की रक्तातली पातळी चढते आणि डोस कमी करावा लागू शकतो.