परवाना एजन्सीला, मोकळीक गिऱ्हाइकाला : ‘त्रस्त सेक्रेटरीं’ना उत्तर

‘त्रस्त सेक्रेटरी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया लांब आहे, चिडकी आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून खाली नुसतं ‘धन्यवाद’ न टाकता वेगळं उत्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की खासगी सुरक्षा एजन्सींवरचा कायदा नीट राबवला पाहिजे आणि खासगी गुप्तहेरांसाठीही एक कायदा हवा. सेक्रेटरीसाहेबांच्या मते हे निव्वळ परवानाराज आहे. परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि टेबलाखालून आणखी एक हात. कायदा येऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या सोसायटीचा वॉचमन रात्री दोन वाजता झोपलेलाच असतो. गुप्तहेरांबद्दल ते म्हणतात, ‘लोकांच्या घरगुती अडचणीत सरकारचं काय काम?’ आणि शेवटी, ‘तुम्ही कधी सोसायटी चालवलीय का?’

सोसायटी चालवलेली नाही. एजन्सींची पगारपत्रकं आणि कामगारांचे निधी भरल्याच्या पावत्या, म्हणजे चलनं, तपासण्याचं काम मात्र बरीच वर्षं करतो.

तर आधी तो झोपलेला वॉचमन. तुमच्याच प्रतिक्रियेत आहे की गेटवर ‘दोन माणसं, बारा-बारा तास’ असतात. एका पॉइंटवर, म्हणजे पहाऱ्याच्या एका जागेवर, चोवीस तास माणूस हवा, म्हणजे आठवड्याचे १६८ तास झाले. एका कामगाराचे आठवड्याचे तास ४८. भागून पाहा, साडेतीन माणसं येतात. तीन शिफ्टला तिघं आणि त्यांच्या सुट्टीला रिलिव्हर. तुम्ही पैसे दोघांचे देता. म्हणजे प्रत्येक जण आठवड्याला ८४ तास उभा असतो, आणि रिलिव्हर आला नाही की त्याच्या गळ्यात डबल ड्युटी पडते. एवढं करून पहाटे तो खुर्चीत पेंगला, तर एजन्सीचा फील्ड ऑफिसर व्हिजिटला येऊन त्याचा फोटो काढतो आणि दंड त्याच्याच पगारातून कापला जातो. यात परवान्याचा काही दोष नाही. हा दराचा परिणाम आहे, आणि दर ठरवताना टेबलाच्या एका बाजूला तुम्ही बसलेले असता.

आता २००५ चा कायदा. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम १५ मार्च २००६ पासून लागू झाला. परवान्याशिवाय एजन्सी चालवायची नाही. परवाना देणारा अधिकारी राज्याच्या गृह विभागातला, सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाचा. एका जिल्ह्यासाठी फी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, अख्ख्या राज्यासाठी २५,०००. परवाना पाच वर्षांचा. रक्षक १८ ते ६५ वयाचा, पूर्वचारित्र्य तपासलेला, ओळखपत्र बाळगणारा. राज्यांना नमुना म्हणून केंद्राने दिलेल्या नियमांत प्रशिक्षणही आहे : १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष जागेवर, आणि तेही किमान वीस कामाच्या दिवसांत. पंधरा रक्षकांमागे एक पर्यवेक्षक. कागद वाचला तर मन प्रसन्न होतं.

पण वीस दिवस शिकणाऱ्याचा पगार कोणी द्यायचा? गावाहून आलेला पोरगा वीस दिवस बिनपगारी बसणार नाही, एजन्सी खिशातून देणार नाही आणि सोसायटीच्या बिलात तो खर्च बसत नाही. मग प्रमाणपत्र आधी येतं आणि प्रशिक्षण कधीच येत नाही. परवान्याच्या टेबलाबद्दलचा तुमचा राग मला समजतो. अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावायचा असं कायदाच म्हणतो, आणि साठ दिवस कसे ताणले जातात हे मी पाहिलेलं आहे. शिक्षेचं म्हणाल, तर विनापरवाना धंद्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैद बाजूला ठेवली तर दंडाची कमाल रक्कम राज्यभराच्या फीइतकीच. हिशेबी माणसाला आणखी काय सांगायचं!

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या कायद्यात एजन्सीसाठी अटी आहेत, रक्षकासाठी अटी आहेत. गिऱ्हाइकाला कुठेच हात लावलेला नाही. विनापरवाना एजन्सीकडून माणसं घेणाऱ्या सोसायटीला, मॉलला, शाळेला या कायद्यात शिक्षा नाही. अशक्य दराने टेंडर काढणाऱ्यालाही नाही. तुम्ही वॉचमन थेट पगारावर ठेवलात तर मध्ये एजन्सीच नाही, म्हणून हा कायदा तुमच्या गेटपर्यंत पोचतच नाही. आठवा, २०१२ मध्ये वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा खून तिच्याच इमारतीच्या वॉचमनने केला. त्यानंतर काही महिने सगळ्या सोसायट्या चारित्र्य पडताळणीचे फॉर्म घेऊन पोलीस ठाण्यात रांगा लावत होत्या. पुढे दर ठरवायची वेळ आली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

महाराष्ट्रात याआधी वेगळ्या वाटेने जाऊन पाहिलेलं आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ साली इथे खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला. त्यातून सुरक्षा रक्षक मंडळ आलं. मंडळावर मालक, रक्षक आणि सरकार, तिघांचे प्रतिनिधी. कारखान्याने किंवा आस्थापनेने मंडळाकडे नोंदणी करायची, पगार आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे रक्षकांच्या लाभांसाठीची ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची, आणि मंडळ रक्षकाला पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा देणार. म्हणजे पैसे देणाराच कायद्याच्या पकडीत. हा कायदा कामगार विभागाचा आणि २००५ चा गृह विभागाचा. एक रक्षकाकडे कामगार म्हणून पाहतो, दुसरा एजन्सीकडे संभाव्य धोका म्हणून.

मंडळाचं काम आदर्श चाललंय असं मी म्हणणार नाही. कलम २३ खाली एजन्सीच्या रक्षकांना सूट मिळते. अट अशी की त्यांना मिळणारे लाभ मंडळाच्या लाभांपेक्षा कमी नसावेत. सूट घेतल्यानंतर ते लाभ कोण तपासतं, हा प्रश्न मी बऱ्याच टेबलांवर विचारलाय. कंपन्यांना मंडळ नको असतं, कारण लेव्ही चुकवता येत नाही आणि रक्षकाला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणता येत नाही. त्यांची तक्रार हीच मला मंडळाच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष वाटते. २०१० च्या कायद्याने सरकारने स्वतःचं राज्य सुरक्षा महामंडळही काढलं. २०१७ मध्ये निवासी डॉक्टरांवरच्या हल्ल्यांनंतर मुंबईच्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत त्याचेच जवान आले. गरज पडली तेव्हा सरकारने स्वतःसाठी बाजारातला सर्वांत स्वस्त माणूस घेतला नाही, एवढं लक्षात घ्या.

गुप्तहेरांचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उडवलात. तिथे तर एजन्सीलाही परवाना लागत नाही. २००५ च्या कायद्यातली ‘खासगी सुरक्षा’ म्हणजे माणसाचं किंवा मालमत्तेचं रक्षण. चौकशी, पाळत, माग काढणं त्यात येत नाही. ती उणीव भरायला १३ ऑगस्ट २००७ रोजी राज्यसभेत खासगी गुप्तहेर संस्थांचं वेगळं विधेयक आलं. तेव्हा गृहमंत्री आपल्या लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि २०२० मध्ये सरकारने ते मागे घेतलं. आज कोणीही खोली भाड्याने घेऊन ‘लग्नाआधीची चौकशी’ अशी पाटी लावू शकतो. याची लाज एकट्या दिल्लीने बाळगायला नको. ब्रिटनच्या २००१ च्या कायद्यात खासगी तपासनीसांच्या परवान्याची तरतूद आहे, पण त्यापुढची दोन दशकं उलटली तरी ती लागू केली गेली नाही.

‘घरगुती अडचण’ कुठवर जाते ते ठाण्यात दिसलं. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी लोकांच्या फोनचे कॉल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर, बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात अनेक खासगी गुप्तहेरांना अटक केली. सीडीआर मागण्याची मुभा पोलिसांतल्या ठरावीक वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच असते. म्हणजे बाहेर फुटलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे आतला कोणीतरी असणार. आणि पैसे मोजणारं गिऱ्हाईकही असणारच : संशयी नवरा, भावी सासरा, धंद्यातला भागीदार. ज्या बाईचे कॉल विकले गेले तिच्यासाठी हे ‘सरकारने नाक खुपसू नये’ असं प्रकरण आहे का? परवाना असता तर सगळं थांबलं असतं असा माझा दावा नाही. पण कोणी कोणासाठी, कशाकरता चौकशी केली याची नोंदवही ठेवणं बंधनकारक असतं, तर गिऱ्हाईकही कागदावर आलं असतं. आज त्याचं नाव फक्त गुप्तहेराच्या फोनमध्ये असतं.

शेवटी तुमचा व्यवहारी प्रश्न, ‘मग आम्ही करायचं काय?’ एजन्सीकडून परवान्याची प्रत मागा आणि त्यावर तुमचा जिल्हा आहे का ते बघा. दर महिन्याच्या बिलासोबत भविष्य निर्वाह निधीचं आणि ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, चलन मागा, तेही नावांच्या यादीसकट. नुसत्या एकूण रकमेवरून काही कळत नाही. यादीतली नावं गेटवरच्या माणसांशी पडताळा. गणवेश पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा दिसत असेल तर बदलायला सांगा, तो २००५ च्या कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तिसऱ्या माणसाचा आणि रिलिव्हरचा ठराव मांडा. दर फ्लॅटमागे मेंटेनन्स किती वाढेल ते मी काढून देतो. फ्लॅट किती, गेट किती आणि सध्याचं बिल किती, तेवढं कळवा.