जायफळ घालून मिळेल का?

शांघायमध्ये कॉफीची दुकानं जगातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त आहेत, असं इथली मंडळी छाती फुगवून सांगतात. असतील बापडी. पण यातल्या एकाही दुकानात 'दादा, एक कॉफी, गरम, दूध-साखर बेताची' असं तोंडाने मागायची सोय नाही.

काउंटरवरची मुलगी मान वर न करता क्यूआर कोडकडे बोट दाखवते. तो स्कॅन केला की मोबाइल नंबर, मग सभासदत्व, मग कूपन. ९.९ युआनचं कूपन दिसलं की माझा मध्यमवर्गीय जीव सुखावतो. अर्थात ते कूपन मला नको असलेल्याच कॉफीवर असतं. पुढे यादी. नारळाच्या दुधातली लाते, संत्र्याच्या रसातली अमेरिकानो, चीजच्या फेसाची आणखी काहीतरी. नारळाचं दूध सोलकढीत शोभतं, हे माझं कोकणी मत तिथे कोण विचारतो? गोडीचे चार प्रकार, बर्फाचे तीन. 'गरम' हे बटण असतं, पण करड्या रंगाचं आणि दाबलं न जाणारं. इतक्यात यंत्रातून ऑर्डर छापलेली चिकटचिठ्ठी सरकन बाहेर येते, ती कपावर थापली जाते, आणि माझा नंबर चिनीत पुकारला जातो. तो मला कळेपर्यंत बर्फ वितळलेला असतो.

इथल्या लोकांना कॉफीत काय घालावं याचं बंधन नाही. लकिन या कंपनीने २०२३च्या सप्टेंबरात चक्क माओताय दारूच्या चवीची लाते काढली आणि पहिल्याच दिवशी ५४ लाखांहून जास्त कप खपवले. लहान मुलांनी, गरोदर बायकांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी पिऊ नये, अशी सूचनाही सोबत. कॉफी पिऊन रिक्षाने घरी जायची वेळ आमच्या सात पिढ्यांवर आली नव्हती.

वैतागून मी ठरवलं, जिथे पिकते तिथेच जाऊन प्यावी. चीनची जवळजवळ सगळी कॉफी दक्षिणेकडच्या युनान प्रांतात होते, त्यातही पुअरच्या डोंगरांत. हे पुअर म्हणजे चहाचं गाव. २००७ साली सिमाओ हे नाव बदलून शहराला चहाचंच नाव दिलं. हिवाळ्यात गेलो, तोडणी चालू होती. अंगणभर बिया वाळत घातलेल्या, आणि एक आजी लाकडी दाताळ्याने त्या उलथत होत्या. कॅटिमोर जात; तांबेरा रोगाला दाद देत नाही, म्हणून सगळीकडे तीच. मी आशेने पडवीत बसलो. आजींनी हसतमुखाने पुढ्यात ठेवला चहा.

कॉफी? ती विकायची, त्यांनी सांगितलं, कडू लागते. आमच्याकडेही हापूसची पेटी मुंबईला जाते आणि घरात डागी आंबे उरतात, त्यामुळे मी निमूट चहा प्यालो. (चांगला होता, हे नाइलाजाने मान्य.)

शेवटी युनानचीच पूड आणून ऑफिसच्या पॅन्ट्रीत दूध आटवलं, साखर घातली, आणि घरून आणलेलं जायफळ किसलं. घमघमाट सुटला. शेजारच्या टेबलावरची सहकारी धावत आली, कपात डोकावली, नाक जवळ नेलं आणि तिचा चेहरा एकदम काळजीचा झाला. चिनी वैद्यकात जायफळ जुलाबावर देतात.

"पोट फार बिघडलंय का?" तिने हळूच विचारलं. आणि मी उत्तर द्यायच्या आत कप बाजूला सारून माझ्यापुढे पेलाभर गरम पाणी ठेवलं.