साताऱ्याचा वड आणि टोरांटोचं झाड

थोरलीला टोरांटो विद्यापीठात प्रवेश मिळाला, त्या दिवशी पत्रातल्या मजकुरापेक्षा त्यावरचं चिन्हच मी जास्त वेळ पाहत बसलो. ढालीवर दोन उघडी पुस्तकं, खाली बीव्हर, माथ्यावर पानांनी डवरलेलं झाड आणि एक लॅटिन ओळ: 'व्हेलुट आर्बोर एव्हो'. होरेस या रोमन कवीचे हे शब्द. काळासोबत वाढत जाणाऱ्या झाडासारखं, असा त्यांचा अर्थ. लॅटिन मला येत नाही, लेकीलाही नाही. तरी ही ओळ काढून टाका, असं म्हणणारा माणूस मला इथे अजून भेटलेला नाही.

ते झाड पाहिलं आणि मन थेट साताऱ्याला गेलं. माझं कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी ही संस्था काढली. तिचं चिन्ह वटवृक्ष, आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' ही तिची ओळ. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी आम्हाला विचारलं होतं, आंबा नाही, पिंपळ नाही, वडच का? मग त्यांनीच सांगितलं. वडाची फांदी पारंबी सोडते, पारंबी जमिनीला टेकली की तिचंच खोड होतं, आणि पुढे ती फांदी मूळ बुंध्यावर अवलंबून राहत नाही. शिकलेल्या पोरांनी तसं व्हायचं. माझ्या बाकावरचा मित्र शेतमजुराच्या घरचा, 'कमवा आणि शिका' योजनेत दुपारी बागेला पाणी घालणारा. ते ऐकताना तो ताठ बसला होता, हे मला आजही दिसतं.

म्हणून भारतात एखाद्या संस्थेच्या लोगोवरून वाद पेटला की इतक्या लांबून मी तो शेवटपर्यंत वाचतो. २०२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादच्या आयआयएमचा, म्हणजे व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचा, लोगो बदलायच्या हालचाली सुरू झाल्या. दोन रूपं पुढे आली होती, एक संस्कृत ओळीसह आणि एक तिच्याशिवाय, परदेशी लोकांसाठी. ४५ प्राध्यापकांनी नियामक मंडळाला पत्र लिहून विरोध नोंदवला. शेवटी ओळ राहिली, याचा मला मनापासून आनंद आहे.

कारण त्या चिन्हात काय काय आहे ते पाहा. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची ती दगडी जाळी. मशीद १५७२-७३ ची, गुजरातची सल्तनत अकबराच्या हाती जात होती त्या काळातली, आणि बांधणारा हबशी वंशाचा. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी ज्यांच्या इतिहासात आहेत, त्या आपल्याला ही माणसं परकी नाहीत. जाळीत फांद्यांत फांद्या गुंतलेलं झाड, आणि त्याच्यासोबत 'विद्याविनियोगाद्विकासः'. विनियोग हा शब्दही आपल्या रोजच्या कारभारातला. निधीचा विनियोग कसा केला, असं आपण ग्रामसभेत विचारतोच. विद्या नुसती साठवून भागत नाही, ती कामी लावली तर विकास होतो. मशिदीची जाळी आणि संस्कृत वचन एकाच चिन्हात इतक्या सहज नांदताना दाखवणारं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. परदेशी लोकांना वाचता येत नाही म्हणून ते उणं करायचं? येलच्या ढालीवर आजही हिब्रू अक्षरं आहेत.

संस्कृत ब्रीदांवरचा दुसरा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. ही भाषा शतकानुशतकं मोजक्यांच्या हातात होती, बायकांना आणि बहुजनांना तिच्यापासून लांब ठेवलं गेलं, मग सगळ्यांच्या विद्यापीठावर ती का, असं विचारणाऱ्याचं दुखणं खरं आहे. मला इथे एसएनडीटी आठवतं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. त्याचं ब्रीद 'संस्कृता स्त्री पराशक्तिः'. ज्या भाषेची दारं बाईला बंद होती, त्याच भाषेत तिला शक्ती म्हटलं आहे. मला हे उत्तर पटतं. ज्याला पटत नाही त्याने रयतेसारखं मराठीत ब्रीद घ्यावं, शेतकऱ्याच्या आईलाही ते वाचून कळेल.

आणि बदल करूच नये, असंही मी म्हणणार नाही. टोरांटोतच रायर्सन नावाचं विद्यापीठ होतं. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांच्या घडणीत एगर्टन रायर्सनचा वाटा होता. २०२१ च्या जूनमध्ये त्याचा पुतळा लोकांनी पाडला, २०२२ साली विद्यापीठाचं नावच बदललं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने साम्राज्याचं गुणगान करणारी लॅटिन ओळ २०२० साली चिन्हातून काढली. हे वाचताना मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर डोळ्यांपुढे येतं. १९७८ चा विधिमंडळाचा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, यांच्या मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी काय सोसलं हे विसरता येत नाही. एवढ्या खोल मागणीपुढे जुनं नाव, जुनं चिन्ह मोठं नसतं. पण 'ग्लोबल दिसायचंय' ही तशी मागणी नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लोगोत २०२३ साली रंगीत धन्वंतरी आला, डॉक्टरांच्या संघटनेने हरकत घेतली, तेव्हाही मला तेच वाटलं होतं: मागणी कुणाची होती?

माझा भाचा एका मोठ्या संस्थेतून इंजिनिअर झाला. चार वर्षं टी-शर्टवर वागवलेल्या संस्कृत ओळीचा अर्थ मी फोनवर विचारला, तर त्याला सांगता येईना. कुणी सांगितलाच नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तिची फोड केली, संधी सोडवला, गीतेतला श्लोक शोधला. दुसऱ्या दिवशी त्याने ते सगळं होस्टेलच्या जुन्या ग्रुपवर टाकलं. रात्रीपर्यंत तिघांनी विचारलं होतं, "हे आपल्या लोगोवर होतं?"